पट्टी लावलेलं बटण

घरात आल्यावर त्या आधी माशांकडे बघत नसत. टाकीचं झाकण उचलायचं, उजव्या हाताची दोन बोटं पाण्यात बुडवायची आणि नाकाशी न्यायची. "मासा शेवटपर्यंत मजेत दिसतो, साहेब. पाणी लपवत नाय," असं म्हणून मग वाकून एकेक मासा बघायचा.

तुमच्याही इमारतीत अशी एखादी व्यक्ती येत असेल, जिला बघून वॉचमन वही पुढे करत नाही. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत त्या तशा होत्या. सात घरांत माशांच्या टाक्या होत्या आणि सातही त्या सांभाळत. साडीवर खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, स्कूटीवर पायाशी बादली आणि नळीचं वेटोळं. पाच घरांतली माणसं दिवसभर नोकरीवर, म्हणून पाच घरांच्या चाव्या त्यांच्याकडे असत. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा. या चाव्यांचा त्यांना अभिमान होता. "सख्ख्या जावेनं मला कपाटाची चावी नाय दिली कधी, वहिनी," असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "आन् इथं पाच घरं उघडते मी."

त्या घोटीकडच्या. सातपूरला एका लहान कारखान्यात पाणी शुद्ध करायचे अतिनील दिवे जोडले जात. तिथे त्यांनी बरीच वर्षं काढली. कारखाना बंद पडला, दिव्यांचं ज्ञान उरलं. ते त्यांनी माशांसाठी वापरलं. काळ्या नळीत काचेची नळी, तिच्यात दिवा. टाकीतलं पाणी पंपाने त्या नळीतून फिरतं आणि पाण्यातले जंतू दिव्यासमोरून जाताना मरतात. ह्या यंत्राला सगळे यूव्ही म्हणायचे, त्या मात्र 'दिवा' म्हणत.

पाणी जितकं जोरात फिरेल तितकं जास्त शुद्ध होईल, अशी माझी समजूत होती. मी एकदा पंप पूर्ण सोडून ठेवला. त्यांनी आल्याआल्या तो कमी केला.

"पाण्याला काय बस पकडायचीय का, साहेब? दिव्याफुडं जरा थांबू द्या त्याला. पळत गेलं तर जंतू पण पळत जातो."

दिवा निळसर दिसतोय तोवर तो बदलायचा कशाला, असंही मी विचारलं होतं. त्यावर त्या हसल्या. "दिसतो तो उजेड वेगळा. मारतो तो दिसतच नाय. तो आधी संपतो." कारखान्यात एका नव्या साहेबाने उघड्या दिव्यात डोळे घालून बघितलं होतं आणि दोन दिवस डोळ्यांत वाळू गेल्यागत तो रडत बसला होता, हे त्या नक्कल करून सांगत.

एका रविवारी मी बाजारातून दोन नवे मासे आणले आणि सरळ टाकीत सोडले. आठवड्याभरात आमच्या जुन्या एंजल माशांच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. मी त्यांना फोन केला.

"नवीन कोण आणलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"दोनच आणले, ताई. पण यूव्ही चालू आहे की."

"दिवा पाण्यात पोहणारं मारतो, साहेब. अंगाला चिकटलेलं कसं मारंल? औषध लागंल."

सोमवारी दुपारी आम्ही घरी नसताना त्या येऊन गेल्या. संध्याकाळी मी एका बैठकीत असताना त्यांचा फोन आला. "औषध टाकलंय. शुक्रवारी येते. तवर कशाला हात लावू नका." मी हो म्हणालो.

घरी आलो तर पाणी फिकट निळं झालं होतं आणि यूव्ही बंद होता. त्याच्या बटणावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आडवा लावलेला होता. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. साफसफाई करताना लावली असेल आणि नंतर दिवा चालू करायचा राहून गेला असेल, असा निष्कर्ष मी काढला. पट्टी काढली आणि बटण दाबलं. फोन केला नाही. विसरलेलं बटण दाबणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी तीन एंजल मेलेले होते. ऑफिसला निघण्यापूर्वी मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला. टाकी सांभाळणाऱ्या ताई सोमवारी यूव्ही बंद ठेवून गेल्या, माझे तीन मासे मेले, इतरांनी आपापल्या टाक्या तपासाव्यात. चार ओळी. कोण, कधी, कुठे, काय, सगळं त्यात होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं नव्हतं. मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे; तिथे तशी बातमी मी कोणाकडूनही घेतली नसती.

शुक्रवारी त्या आल्या तेव्हा मी मुद्दाम घरी थांबलो होतो. तोवर तीन घरांनी फोन करून चाव्या परत मागितल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी पाण्यात बोटं घातली नाहीत. बटणाकडे बघितलं.

"पट्टी तुम्ही काढली?"

"हो. तुम्ही दिवा चालू करायला विसरला होतात, ताई."

त्यांनी चाव्या बाहेर काढल्या. जुडग्यातून आमची चावी सोडवायला त्यांना वेळ लागला, दोऱ्याची गाठ ओली होती. चावी टाकीच्या झाकणावर ठेवली आणि म्हणाल्या, "बरं."

पुढे काही महिन्यांनी एका कामासाठी मी सातपूरच्या एका कारखान्यात गेलो होतो. बोलता बोलता एका बंद यंत्राला टेकलो आणि माझा हात पॅनेलवर गेला. मागून एक कामगार ओरडला, "ओ साहेब! पट्टी दिसत नाय का?" बटणावर पांढरी चिकटपट्टी होती, आडवी, कोरी. ती ज्याने लावली त्यानेच काढायची, असं त्याने मला समजावलं. यंत्राच्या आत कोणाचा हात असू शकतो. हे इथे झाडूवाल्यालाही माहीत असतं, असंही तो म्हणाला.

घरी येऊन मी औषधाची बाटली शोधली. ती टाकीखालच्या कपाटात होती. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की औषध पाण्यात असेपर्यंत यूव्ही दिवा बंद ठेवावा, दिव्याने औषधाचा असर नाहीसा होतो. म्हणजे सोमवारी संध्याकाळी मी बटण दाबलं आणि औषध संपवलं. ठिपक्यांना पुढचे तीन दिवस मोकळे मिळाले.

त्या तोपर्यंत नाशिक सोडून घोटीला बहिणीकडे गेल्या होत्या. भाताच्या गिरणीत काम करत होत्या. फोन लागला. मागे गिरणीचा आवाज होता.

"ताई, ती पट्टी मी काढायला नको होती. माझं चुकलं."

"उरलेले मासे हायेत का?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत."

"मग दिवा बदला आता. त्याची मुदत झाली आसंल."

"ताई, मी माफी मागायला फोन केलाय."

त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता, साहेब? मला तर ठाऊकच होतं. तिथं सांगा ना, जिथं लिवलं व्हतं."

आवाजात राग नव्हता. मला तो चालला असता.

त्याच दिवशी मी ग्रुपवर खुलासा लिहिला. चूक माझी होती, ताईंनी दिवा मुद्दाम आणि योग्य कारणाने बंद ठेवला होता, असं स्पष्ट लिहिलं. पहिल्या मजकुराखाली एकोणीस जणांनी काही ना काही लिहिलं होतं. या वेळी बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. सातपैकी तीन घरांनी टाक्या काढून टाकल्या होत्या, बाकीच्यांकडे दुसरा माणूस येत होता. शेवटी तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या गृहस्थांचा प्रश्न आला, "कोण ताई?"

मी उत्तर लिहायला घेतलं. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'फिश टँक' म्हणून ठेवलेला आहे. पाच घरांची कुलपं उघडणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. बायकोला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. घोटीला पुन्हा फोन करून "तुमचं नाव काय?" असं विचारायचं मी मनात दोनदा जुळवून पाहिलं.

ग्रुपवर तो प्रश्न अजून तसाच आहे.