तळहातापर्यंत न पोचलेला खर्ज

श्रावणातल्या दुपारी लोणावळ्याच्या रेल्वेच्या नाचघरात लाकडी जमिनीला ओलसर, कोंदट वास येई. आणि त्या वासासरशी मला आजही आबांचा, माझ्या वडिलांचा, भातखाचरांत राबून खरबरीत झालेला तळहात आठवतो.

आबा वडिवळ्याचे शेतकरी, उतारवयात ठार बहिरे झालेले. मी रेल्वेत नोकरीला, आणि संध्याकाळी नाचघरातल्या जॅझ बँडमध्ये डबल बास वाजवणारा. बास म्हणजे माणसाहून उंच, जाड तातींचं तंतुवाद्य. त्याच्या पोटावर हात टेकला की खर्ज थेट हाडांत उतरतो. आबांपर्यंत जगातला तेवढाच एक आवाज पोचत असे. "बोललास बग," म्हणून ते डोळे मिटून घेत.

मग मुंबईला आमच्या बँडची तबकडी निघायची ठरली. माझ्या खर्जानं मेणावर कोरणारी सुई उडू लागली, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्या साहेबांनी मला मायक्रोफोनपासून दूर, पार दाराशी उभं केलं. तरी भागेना. तेव्हा मीच हुशारी केली. प्रवासात बासला पांघरायला आबांनी दिलेली घोंगडी तातींखाली कोंबली आणि बोटांच्या टोकांनी तुटक, कोरडे सूर काढले. साहेब खूश झाले. आणि मला मूर्खाला केवढा आनंद झाला होता!

पुढे नाचघरातही मायक्रोफोन आणि कर्णा आला. मोकळा खर्ज छेडला की कर्णा केकाटे, म्हणून घोंगडी तिथंच राहिली. बास आता कसा स्वच्छ ऐकू येतो, असं लोक म्हणत. मी वर्षभर त्या यंत्राच्या कानासाठी वाजवत राहिलो.

भाताची लावणी आटोपून आबा एका दुपारी आले. नाचघर रिकामं होतं, खिडक्यांशी धुकं थबकलं होतं. मी घोंगडी उपसून काढली. त्यांनी बासच्या पोटावर नेहमीच्या जागी तळहात टेकवला, डोळे मिटले. मी त्यांच्या सवयीची संथ चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत जीव तोडून वाजवली. पण तात दाबून, ओढून सोडायचं बोटं विसरली होती, ती वरच्यावर नुसती टिचकत राहिली. शेवटचा सूर विरला तरी आबांनी हात काढला नाही.

"कर की सुरू," ते म्हणाले. "म्या हात ठेवलाय."

वाजवून झालं आहे, हे त्यांना मी कोणत्या आवाजात सांगणार होतो?