सोलांजबाईंचा हातमोजा

आमच्या जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत सोलांजबाई कॅन्टीनमध्ये सूप वाढायच्या आणि रांग संपली की विणत बसायच्या. उर्स नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला त्यांनी तीन हिवाळे हातमोजे विणून दिले, बाहेरून लाल, आतून निळे. पठ्ठ्याने दर वर्षी नेमका उजवाच हरवला. यंदा तो तीन डावे घेऊन समोर उभा राहिला.

“वेंधळा कुठला!” म्हणत बाईंनी एक डावा हातमोजा उलटून आतली बाजू बाहेर काढली. तो उर्सच्या उजव्या हातात चपखल बसला, फक्त लालाचा निळा झाला.

उर्स सूप विसरून ओरडला, “अहो बाई, हेच तर मी शिकवतो! अणूतल्या कणांचं नुसतं डावं-उजवं बदललं तर निसर्गाचे नियम बिघडतात. सोबत, या रंगासारखा, विद्युतभारही उलटा केला, की पुन्हा जुळतात!”

“अगदी तंतोतंत?” वर आलेल्या लोकरीच्या गाठींवर बोट ठेवत बाईंनी विचारलं.

“नाही, किंचित फरक उरतो. पण काळही उलटा फिरवला, की तोही मिटतो.”

“मग फिरव की,” बाई म्हणाल्या, “आणि येताना माझे तिन्ही उजवे घेऊन ये.”