पिराजीरावांची बैल नसलेली गाडी

आम्ही फिजिक्स लॅबवाले चौघं अजून भेटलो की कॉफी निवते, पण पिराजीरावांचे किस्से काही निवत नाहीत. तंजावूरला साठ सालच्या आसपास आमच्या लॅबचा हा डेमॉन्स्ट्रेटर लोखंडी पाइपात कार्बाइडचा गॅस भरी, ठिणगी टाकी, धडाम्! पुन्हा गॅस, पुन्हा धडाम्! असे स्फोट लागोपाठ झाले की त्यांच्या धक्क्यानं, मागे पाइप बांधलेली गाडी बैलांशिवाय पळेल म्हणे. थकलेल्या वडिलांना, आप्पांना, त्या गाडीत एकदा बसवायचं, एवढाच ध्यास. आप्पा तर दिवसेंदिवस खंगत होते!

*

पहिला बार लॅबमध्येच. छताचा चुना थेट प्रिन्सिपॉलसाहेबांच्या डोक्यावर! पांढरेफटक होऊन ते धावत आले, "कोण मेलं?"

पिराजीराव शांतपणे म्हणाले, "अजून कुणी नाही, सर!"

*

मग प्रयोग घरामागे हलला. आमच्या गावात अंत्ययात्रेपुढे बार उडवतात. आवाज ऐकून शेजारी हार घेऊनच हजर! आप्पा ओट्यावर जिवंत! शेजारी हार पाठीमागे लपवू लागला.

आप्पा म्हणाले, "आणलास तर ठेव रे. पुन्हा यायाचे श्रम नक्को!"

*

एकदा पिराजीरावांच्या भुवयाच जळाल्या. कॉलेजला जायचं कसं? वहिनींनी काजळानं काढून दिल्या. पण त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं, त्यामुळे भुवया भलत्याच रागीट निघाल्या! दिवसभर वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही.

*

एकदा गाडी जागेवरच राहिली आणि पाइप सुटून शेजाऱ्याच्या विहिरीत! आम्ही विहिरीकडे धावलो. पिराजीराव मात्र नाचत होते, "धक्का आहे! धक्का आहे, ओ!"

*

आणि आप्पा गेले. गाडी तोवर वीतभरही हलली नव्हती. पिराजीराव ढसाढसा रडले. मग म्हणाले, "खांद्यावर नक्को. आप्पा गाडीतच जातील."

फुलांनी सजवलेल्या त्या गाडीत आप्पांना ठेवलं. आम्ही दोन्ही बाजूंनी ढकलणार होतो. मानाचा म्हणून एकच बार काढायचा ठरलं. पिराजीरावांनी ठिणगी दिली, अग्नीचं मडकं उचललं.

धडाम्! आणि लगेच दुसरा. तिसरा. चौथा! एकही चुकेना! गाडी आमच्या हातांतून सुटली. अंत्ययात्रेपुढे शंख फुंकणारा उडी मारून बाजूला झाला. माझं तर रडूच आटलं! नदीच्या उताराला आप्पा सुसाट निघाले होते, आणि हातात मडकं सांभाळत पिराजीराव मागून धावत ओरडत होते,

"आप्पा, थांबा! ओ आप्पा, थांबा!"