हैबत्याच्या लेण्यातला झिरा

सुजाताचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसत होतो. "काका, अण्णा गेले. सकाळीच," एवढंच ती म्हणाली. सुजाता म्हणजे भिवादादांची मुलगी, उमरग्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. फोनवर रडणं तिच्या स्वभावात नाही. मी कसं झालं ते विचारलं, फोन ठेवला आणि मग... दीड महिन्यानंतर आज हे लिहितोय. मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख नंतर आलं, आधी हे आलं. आमच्या डोंगरातला पाण्याचा झिरा कुणी घालवला हे आम्हां दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक आता गेला होता.

भिवादादा आमच्या गावच्या लेण्याचे राखणदार. खाकी सदरा, कमरेला किल्ल्या, दाराशी 'संरक्षित स्मारक' असा निळा फलक आणि त्याखाली त्यांचं घोंगडं. लेणं म्हणाल तर साधंच, मूर्ती झिजून गेलेल्या. डाव्या अंगाला एक बुटकी खोली आहे, तिच्यात वाकूनच शिरावं लागतं. तिचं छत तडकलेलं, म्हणून गजांचं दार आणि कुलूप. गावात याला हैबत्याचं लेणं म्हणतात. निजामाच्या काळात हैबत्या नावाचा दरोडेखोर या खोलीत दडला, पोलिसांनी महिनाभर डोंगराला वेढा दिला, तो पाण्यालासुद्धा खाली उतरला नाही, आणि शेवटी पोलीस आत शिरले तर खोली रिकामी. म्हणे आतून भुयार आहे, ते थेट नळदुर्गाच्या किल्ल्यात निघतं. भिवादादा ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचे आणि शेवटी तिच्यावर स्वतःच पाणी ओतायचे. "भुयार न्हाय साहेब. म्या रोज झाडतो, मला घावलं असतं की."

पाणी मात्र होतं. आमचा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. एक थर निवला, हजारो वर्षांत त्याची वरून माती झाली, मग तिच्यावर दुसरा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी लाल भाजून निघाली. तो हातभर जाडीचा लाल पट्टा खोलीच्या मागच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर दिसतो. वरच्या काळ्या दगडाच्या भेगांतून मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडायचं आणि थेंब थेंब बाहेर यायचं. हे मला औरंगाबादच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या वर्गात कळलं. भिवादादा शाळेत गेले नव्हते, पण भिंतीला हात लावून लावून त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. त्या पट्ट्याला ते 'लाल्या' म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळात मी कॉलेज अर्ध्यावर सोडून गावी आलो आणि दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर हजेरी मांडणारा मस्टर कारकून झालो. सगळं गाव खडी फोडत होतं, सरकारनं वाटलेली सुकडी खात होतं. विहिरींचे तळ दिसत होते. हैबत्याच्या झिऱ्याला दिवसभरात दोन घागरी पाणी साचायचं. खोली उघडायला सरकारी मनाई होती, तरी दिवस मावळायच्या आधी भिवादादा कुलूप काढत आणि तान्ही पोरं असलेल्या बायांना तांब्या-तांब्यानं पाणी देत. भिवादादांचं घर दीक्षा घेतलेलं, बौद्धांचं. आमच्या वेशीतल्या आडावर त्या घराची घागर तेव्हाही शेवटी लागायची. पण त्या उन्हाळ्यात त्यांच्या हातचं पाणी नको असं कुणी म्हटलं नाही. कडेवर तान्हं असलेल्या माझ्या वहिनीनंही नाही.

आणि मी शहाणपणा पाजळला. माझं म्हणणं, मातीनं झिऱ्याचं तोंड बुजलंय, तेवढं मोकळं केलं की धार लागेल. भिवादादा नको म्हणत होते. "लाल्याला हात लावू नगा बापू. त्येच्या जिवावर पानी हाय." ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी ते मला अहो म्हणायचे आणि मी त्यांना अरे. आज दादा लिहितोय, तेव्हा म्हणत नव्हतो. "तुला काय कळतंय त्यातलं," असं मी म्हणालो, आणि एका दुपारी सुरुंगाची भोकं पाडायची पहार घेऊन वर गेलो. त्यांनी कुलूप काढलं. पाटलाच्या भावकीतल्या पोराला नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. लाल पट्ट्यात तिरकं खाली भोक घेत गेलो. कोपरभर गेल्यावर पहार एकदम सैल झाली आणि आत गुळगुळ आवाज आला. मी म्हणालो, लागलं पाणी. त्यांनी भिंतीला कान लावला. "बापू, ह्ये वर येत न्हाय. खाली चाललंय."

पट्ट्याखालचा दगड भेगाळलेला होता. हातभर मातीनं जे पाणी तोलून धरलं होतं ते त्या भोकातून डोंगराच्या पोटात उतरायला लागलं. पुढचे दोन-तीन तास मी कधी विसरणार नाही. भिवादादांनी डोक्याचा रुमाल फाडून भोकात कोंबला, चिखल थापला, मी गुडघ्यावर बसून दगडाचे तुकडे ठोकत राहिलो. पाणी दुसरीकडून वाट काढायचं. कुणी आत येऊ नये म्हणून गजांच्या दाराला आतून साखळी घातली होती. धड उभं राहता येत नव्हतं, घाम डोळ्यांत जात होता, आणि बाहेर घागरींचा आवाज यायला लागला. बाया आल्या होत्या. "भिवा, पानी दे की रं." आम्ही दोघं अंधारात श्वास धरून बसलो. भिवादादा हळूच म्हणाले, "तुमी मागं कोपऱ्यात सरा. म्या जातो." आणि साखळी काढून ते बाहेर गेले, आज पानी न्हाय म्हणाले.

तिसऱ्या दिवशी झिरा पार कोरडा पडला. गावची माणसं वर आली, त्यांच्यात मीही होतो. आमच्या एका चुलत्यानं विचारलं, पाण्याला हात कुणी लावला? भिवादादा म्हणाले, "म्याच भरत व्हतो." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "तरी म्हणत होतो, याचा हात लागला आणि पाणी गेलं," कुणीतरी बोललं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. महिनाभर त्यांच्या हातचं पिऊन हे बोलत होते. मी मूग गिळून बसलो. त्या दिवसापासून त्या घराला वेशीतला आड बंद झाला. वच्छलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायच्या, ते गावात नळ येईपर्यंत.

मला रोज वाटायचं, सांगून टाकावं. पण मी खरं सांगितलं असतं तर पहार घालायला खोली कुणी उघडली हा प्रश्न सरकारदरबारी गेला असता आणि त्यांची नोकरी गेली असती. ही सबब फार सोयीची होती. पुढे मी गावच्या सोसायटीचा सचिव झालो, दूध संकलन आलं, लोक मला मान द्यायला लागले, आणि जीभ आणखी जड झाली. भिवादादा निवृत्त झाले, तेव्हा सबब संपली. तरी मी बोललो नाही. बेंबळीच्या बाजारात भेटले की चहा घ्यायचो. एकदा मी म्हणालो, "दादा, ते झिऱ्याचं..." त्यांनी बशी खाली ठेवली. "ऱ्हाऊ द्या बापू. आता दोघंबी म्हातारं झालो." मला हायसं वाटलं, याची आज शिसारी येते.

भिवादादांच्या दिवसाला, जलदान विधीला गेलो. मंडळी पांगली, घरात वच्छलाबाई, सुजाता आणि मी उरलो. भिंतीवर भिवादादांचा फोटो, खाकी सदऱ्यातला. मी सगळं सांगितलं, पहारीपासून कोपऱ्यापर्यंत. सुजाता उभी राहिली. "काका, हे पेपरात लिहा. तुमच्या नावानिशी. तोंडी सांगाल तर उद्या गाव म्हणेल, म्हाताऱ्याला भ्रम झालाय." मी लिहितो म्हणालो. मला वाटलं वच्छलाबाई मला शिव्या देतील, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या.

"म्या इचारलं व्हतं त्यास्नी," त्या म्हणाल्या. "येकदाच. म्हनलं, तुमी काय केलं का झिऱ्याला? तर म्हनले, व्हय, म्याच पहार घातली." पुढं म्हणाल्या, "लोकांशी म्या भांडले. कुनाचं ऐकून घेतलं न्हाय. पर घागर उतरवली की रोज त्यास्नी बोलायची. तुमाला कुनी सांगितली व्हती नसती उठाठेव, तुमच्यापायी माजी मान मोडली. रोज, बापू. नळ आला तरी बोलायची."

मग त्या उठल्या, माझ्याकडे पाठ करून फोटोपुढं उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात त्यांना म्हणाल्या, "मला तरी सांगायचं व्हतं ओ."