जाफरभाऊंच्या खिळ्यावरची पत्रकं

जटपुरा गेटजवळच्या जाफरभाऊंच्या छापखान्याला लागूनच माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. माणूस देवमाणूस, पण आडमुठेपणात एक नंबर! छापलेल्या प्रत्येक कामाची पहिली प्रत भिंतीवरच्या खिळ्याला लावायची, आणि गिऱ्हाईक म्हणालं, "मागच्यासारखंच", की तीच उतरवून तिच्यावरून नवी प्लेट काढायची, ही त्यांची तीस वर्षांची रीत. संगणक लेकीनं, आफ्रीननं, हाताळायचा.

आफ्रीनला जपानमधल्या एका छापखान्यात काम मिळणार होतं. सोमवारी ऑनलाइन मुलाखत होती. पाठ व्हावं म्हणून तिनं खिळ्यावरच्या प्रतींवरच लाल पेनानं जपानी शब्द लिहिले. जाहिरातीच्या पत्रकावर चिराशी, कार्डावर मेइशी, दुकानाच्या पाटीच्या नमुन्यावर कानबान. दिवसभर ती घोकायची आणि मशीनवरून जाफरभाऊ तिच्यामागे म्हणायचे. पोरीपेक्षा बापाचंच पाठांतर पक्कं झालं!

शुक्रवारी ती जपानीच्या क्लासला गेलेली असताना जाफरभाऊंनी मूल गावच्या हेमराजच्या कापड दुकानाची पत्रकं छापून पाठवली. शनिवारी सकाळी हेमराज गठ्ठा घेऊन दारात हजर. गलका ऐकून मीही तिथे गेलो.

"जाफरभाऊ, दुकान माहं मूलले, अन् हे अक्षरं कोणत्या देशाचे? दोन हजारांत एकावरही नाई दिसले तुमाले?"

प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात आफ्रीनची तीन जपानी अक्षरं ठसठशीत उमटली होती.

"दिसले ना," जाफरभाऊ म्हणाले. "मले वाटलं, डिझाइन हाये."

आफ्रीननं पुन्हा छापून द्यायचं कबूल करून हेमराजला वाटेला लावलं. मग तिनं एक कागद बापाच्या हातात दिला.

"अब्बा, यावर काय लिवलं हाये?"

जाफरभाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग दोन बोटांत हळूच चोळला. पातळ, पत्रकाचाच कागद.

"चिराशी," ते हसले. "पाहा, मलेही वाचता येते आता."

कागद दोन्ही बाजूंनी कोरा होता. आफ्रीननं माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर, अब्बा," ती म्हणाली.

सोमवारी ती मुलाखतीला बसलीच नाही. नंतर जाफरभाऊंना दाखवलं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी उपचाराला उशीर झाल्याचं सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक प्रत तीच तपासते. मुलाखत झाली, पण निवड झाली नाही, एवढंच तिनं घरी सांगितलंय.

"पोरगी शब्दांत कमी पडली," जाफरभाऊ गिऱ्हाइकांना सांगत असतात. "मले पाठ झाले, तिले काऊन नाई झाले?"

अशा वेळी मला त्यांचा भयंकर राग येतो. पण तिनं मला शपथ घातली आहे.