व्याह्यांना स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

"सोमवारी मी इथे नसेन," रामोन शांतपणे म्हणाले. मी ते हिंदीत सांगितलं आणि मीटिंग रूममधले सगळे त्यांच्याकडे वळले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हरियाणात मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा नवा कारखाना. पत्रा दाबून आकार देणारं मोठं प्रेस मशीन स्पेनहून आलं होतं. ते बसवायला साठीकडे झुकलेले रामोन आले होते आणि मी त्यांची दुभाषी. सोमवारी ट्रायल होती, म्हणजे ग्राहकासमोर मशीन चालवून दाखवायचं. त्यावरच ऑर्डर ठरणार होती.

प्लांट मॅनेजर दहिया साहेब रोहतकचे, आवाज खणखणीत. त्यांनी कारण विचारायला सांगितलं. रामोन म्हणाले, रविवारी स्पेनला घरी 'कोन्सुएग्रो' जेवायला येणार आहेत, पहिल्यांदाच.

मी अडले. नात्यांचे शब्द मी क्लासमध्ये घोकले होते. आई, बाप, दीर, मेहुणा, सगळे. 'सुएग्रो' म्हणजे सासरा, हेही माहीत होतं. पण रामोनच्या सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, कंपनीच्या बसमध्ये त्यांनीच ते सर्वांना सांगितलं होतं. मी अंदाजाने 'ससुर' म्हटलं असतं, तर माणूस खोटा ठरला असता. दुभाष्याने अंदाज करायचा नसतो. मी सरळ अर्थ विचारला.

रामोननी खिशातून चार नट काढले आणि टेबलावर मांडले. हा मी. ही माझी मुलगी. हा तिचा नवरा. आणि हा त्याचा बाप.

"व्याही," माझ्या तोंडून निघालं. मराठी शब्द तिथे कुणालाच कळला नाही. मग मी म्हणाले, "समधी, सर. पहली बार घर आ रहे हैं."

दहिया साहेबांच्या मुलीचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं होतं. त्यांनी नटांकडे पाहिलं, रामोनकडे पाहिलं.

"समधी घर आएँगे और ये यहाँ बैठे रहेंगे? बिल्कुल नहीं."

त्यांनी तिथूनच ग्राहकाला फोन लावला आणि ट्रायल आधीच्या शुक्रवारीच ठेवायची विनंती केली. पलीकडून कारण विचारलं गेलं. कारण ऐकल्यावर कुणी वाद घातला नाही.

मग सगळा कारखाना कामाला लागला. शुक्रवारी प्रेस खाली आलं आणि गाडीचा पहिलाच दरवाजा साफ निघाला, एक सुरकुती नाही. ऑर्डर मिळाली. रामोननी दहिया साहेबांना कडकडून मिठी मारली. साहेबांनी बर्फीचा भला मोठा डबा त्यांच्या हातात ठेवला आणि मला बजावलं, हा समधींसाठी आहे, नीट सांगा.

स्पेनला ट्रेनिंगसाठी जाणाऱ्या सुपरवायझरांना मी लंचनंतर स्पॅनिश शिकवायचे. पुढच्या तासाला पुस्तक कुणी उघडूच देईना. एकाला साडू हवा होता. तो निघाला 'कोनकुन्यादो'. ज्या नात्यांना इंग्रजीत धड शब्द नाहीत, त्यांचे शब्द स्पॅनिशमध्ये तयार सापडत होते, आणि वर्ग हसून लोटपोट होत होता.

आई-वडील काय, पहिल्याच धड्यात येतात. काम अडतं ते व्याह्यांपाशी.