फाटकाचा रंग

मराठी कादंबरीतल्या रंगांचा इतिहास कधी लिहिला गेला, तर त्यातलं निळ्याचं प्रकरण माझ्या साडूंपासून सुरू करावं लागेल. असा इतिहास लिहायला अजून कोणी बसलेलं नाही, आणि बसलं तरी साडूंच्या कादंबरीची प्रत त्याला मिळेल असं वाटत नाही; छापल्या तेवढ्या बहुतेक आमच्याच नात्यातल्या लग्नाबारशांत वाटल्या गेल्या. पण कादंबरी चांगली होती. हे मी नात्यातला म्हणून सांगत नाही. नात्यातला असूनही सांगतो आहे, आणि साडूसाडूंच्या संबंधांची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यातला फरक कळेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. मूळचे कर्जतकडच्या कळंबचे, पण साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले आणि पळसदरीला घर बांधून राहिले. नटबोल्ट देता-घेता एका पावसाळ्यात त्यांनी कोणाला न सांगता कादंबरी लिहिली. धरणाखालच्या गावातली एक बाई, तिचा नवरा कामाला म्हणून जातो तो परत येत नाही, आणि ती वाट बघत बसण्याऐवजी शेत लावते. एवढीच गोष्ट. त्यात एक वाक्य चार-पाच वेळा येतं : ‘ती निळ्या दारात उभी राहिली.’ पहिल्यांदा ते नुसतं वाक्य असतं. शेवटच्या वेळी पुस्तक मिटून जरा बाहेर बघावंसं वाटतं. असं का होतं ते मला सांगता येत नव्हतं, साडूंनाही येत नव्हतं, आणि त्यांचं ते माहीत नसणं हीच त्यांची खरी कमाई होती, असं आता वाटतं.

कादंबरीचे पहिले श्रोते साडूंचे थोरले भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांना अक्षरओळख होती, पण पुस्तक वाचण्याइतकी नव्हती. कळंबची भावांची शेती विकली गेल्यावर तिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट झालं आणि दादा तिथेच माळी म्हणून राहिले. पाहुणे सुट्टीला येत, त्यामुळे दादांची सुट्टी मंगळवारी. दर मंगळवारी ते पळसदरीला येत आणि साडू त्यांना कादंबरी वाचून दाखवत. ती संपली त्या दिवशी मी तिथे होतो. दादा बराच वेळ तंबाखू मळत राहिले, मग म्हणाले, “बाईचं लिवलंस, बरं केलंस. आता माझं लिव.”

“तुझं काय लिहू?”

“आता हिरवळीवर पानी मारताना मधीच पाय उचलतोय मी. पाव्हणं हसतात, म्हातारा काय नाचतोय काय म्हनून. आरं, तिथं बांध व्हता आपला. बांध गेला, पन पायाला कोनी सांगितलंच नाय.”

शेत विकल्यापासून साडूंनी त्या जागेत पाऊल टाकलं नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण संध्याकाळी पळसदरीच्या धरणाच्या भिंतीवर त्यांनी मला अख्खी दुसरी कादंबरी सांगितली. आपल्याच जमिनीवर नोकर झालेला माणूस, नसलेला बांध ओलांडणारा त्याचा पाय. मी त्या दिवशी त्यांचा हेवा केला. आता फक्त लिहायचं उरलं होतं.

नेमकं तेव्हाच कर्जतच्या एका वाचनालयाला साडूंचा सत्कार करायची बुद्धी झाली. शाल, श्रीफळ, आणि प्रमुख वक्ते म्हणून एक प्राध्यापक. प्राध्यापक तासभर फक्त निळ्या रंगावर बोलले. निळा म्हणजे अनंत, निळा म्हणजे कंठातलं विष, निळा म्हणजे त्या बाईचं न वापरलेलं आभाळ. साडू व्यासपीठावर नारळ मांडीवर घेऊन, वर्गात पहिल्यांदाच शाबासकी मिळालेल्या मुलासारखे ऐकत होते. परतताना रिक्षात त्यांनी हळूच मला विचारलं, “एवढं सगळं होतं त्यात?” मी हसलो. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात साडूंच्या घराचं दारही निळंच आहे असं कळल्यावर प्राध्यापक ते बघायला पळसदरीला आले. त्यांनी चपला काढल्या आणि दारावर तळहात ठेवून डोळे मिटले. ताई चहा घेऊन उभीच होती. ती म्हणाली, “कंपनीत मशीनला मारून उरलेला रंग हाय तो. टाकून देत व्हते, यांनी आनला. संडासाच्या दाराला पन तोच हाय, बघता?” प्राध्यापकांनी डोळे उघडले आणि वास्तव व प्रतीक यांत अंतर राहतंच, असं म्हणून चहा घेतला. फोटो मात्र त्यांनी पुढच्याच दाराचा काढला.

त्या दिवसापासून साडूंच्या जगातली कुठलीही वस्तू विनाकारण रंगीत राहिली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी मांडववाल्याला गाठून गुलाबी पडद्यांमागची भूमिका विचारली. “सीझनला हाच कपडा असतो, काका,” ही भूमिका त्यांना उथळ वाटली. “यांना भाजीला धाडायची सोय राहिली नाय,” ताई माझ्या बायकोला सांगे. “लाल माठ आना म्हटलं, तर म्हनतात, लालच का? अवो, आमटीत हिरवा घालते, पन काय तरी आना!” एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात रंगाच्या दुकानात गेलो होतो. साडूंनी शेडकार्ड मागितलं आणि खिडकीपाशी उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. दुकानदाराने आपलेपणाने विचारलं, “काका, कंची रूम रंगवायला काढायची?”

साडू म्हणाले, “प्रकरण पहिलं.”

“मग आधी प्रायमर मारून घ्या,” दुकानदार म्हणाला. सल्ला वाईट नव्हता.

कारण प्रकरण पहिलं अडलं होतं. कादंबरीची सुरुवात त्यांनी ठरवली होती : माळी सकाळी कामावर येतो आणि रिसॉर्टच्या फाटकापाशी थांबतो. आता माळी थांबला, म्हणजे फाटकाला रंग हवा. हिरवा म्हटलं तर शेतीची थट्टा होते. काळा म्हटलं तर पहिल्याच पानावर माणूस मेला. पांढऱ्यातून शरणागती निघते. निळा तर वापरून झालेला, पुन्हा वापरला तर प्राध्यापक काय म्हणतील! मी म्हटलं, नुसतं लोखंडी फाटक म्हणा. साडू खिन्न होऊन म्हणाले, “गंज लाल असतो.” पावसाळे येत होते, जात होते आणि माळी फाटकाबाहेर उभा होता. ताईचा संताप तिच्या परीने साहित्यिकच होता : “अवो, ढकला ते फाटक नि जावा आत! मानूस कवाचा उभा हाय!”

दादा मंगळवारी येतच होते. आता चालणं हळू झालं होतं, पायऱ्या चढताना ते भिंत धरत. चहा झाला की विचारत, “कुठवर आलं रं?”

“फाटकापाशी थांबलंय, दादा.”

“फाटक हाय व्हय त्यात?” दादांनी एकदा जरा नवलाने विचारलं. मग आपणच मान हलवली. “असंल बाबा. पुस्तकात लागत असंल.” आणि जाताना, चपला पायात सरकवत, “लवकर कर रं. मला वाचून कोन दाखवनार, तूच ना?”

गेल्या श्रावणात दादा गेले. मंगळवार नव्हता, त्यामुळे कामावरच गेले. पाण्याची नळी हातात होती म्हणतात. तेरावं झाल्यावर रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला की त्यांचं थोडं सामान आहे, घेऊन जा. साडू मला म्हणाले, “तुम्ही चला बरोबर.” कळंबपर्यंत ते गाडीत ताठ बसून होते. मला वाटलं, दुःख आहे. होतंच, पण मधूनमधून ते डोळे बारीक करून पुढे बघत होते, आणि मला कळलं की इतक्या वर्षांनी एकदाचं ते फाटक कुठल्या रंगाचं आहे ते बघायला ते अधीर झाले आहेत.

तिथे फाटक नव्हतं. दगडी दोन खांब होते आणि मध्ये साखळी. मॅनेजरने ती हुकातून काढली, ती जमिनीवर पडली. “फाटक कधी काढलं?” साडूंनी विचारलं. “पहिल्यापासून साखळीच आहे, साहेब,” तो म्हणाला, “या ना आत.” साडू जरा वेळ त्या साखळीकडे बघत उभे राहिले. मग आत गेले. मी मागे होतो. हिरवळ सपाट होती, एखाद्या सतरंजीसारखी. तिच्या मधोमध पोचल्यावर साडूंनी, मान खाली न घालता, उजवा पाय गुडघ्याइतका वर उचलला आणि पलीकडे टाकला. मग डावा. पोहण्याच्या तलावातली दोन मुलं हसली.

परत येताना मी विचारलं, “आता लिहाल?” ते म्हणाले, “कुणाला वाचून दाखवू?”

दादांचं सामान फारसं नव्हतं. एक रेनकोट, एक खुरपं, डबा आणि गमबूट. गमबूट साडूंच्या पायाला बरोबर बसतात. पावसात ते घालून ते भाजी आणायला जातात. काळे आहेत. कर्जतच्या बाजारात गमबूट काळेच मिळतात.